मृत्तिकापुष्पे व कच्चे मातीकाम

मृत्तिकापुष्पे व कच्चे मातीकाम : मळलेल्या मातीला हाताने किंवा साच्याने आकार देऊन, ती भट्टीत न भाजता केवळ हवेत सुकवून वस्तू तयार करण्याच्या कलेस कच्चे किंवा अपक्व मातीकाम म्हणतात. अशा मातीतून घडविलेल्या फुलांच्या हुबेहूब प्रतिकृती म्हणजे मृत्तिकापुष्पे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज भुकटी, स्टार्च व कृत्रिम रेझिने यांपासून तयार केलेले, आपोआप सुकून कठीण होणारे लगदे प्रचारात आले आणि अशी फुले घडविणे हा अनेक देशांत छंद व गृहोद्योग बनला. या नव्या कलेमागील कौशल्ये मात्र जुनी आहेत. महाराष्ट्रात व त्याच्या सीमाभागात त्यांचे दोन निरनिराळे प्रवाह आढळतात. विधीसाठी मातीची आकृती करून ती पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करावयाची, हा पहिला प्रवाह. फळे, फुले, प्राणी यांची टिकाऊ व खरी भासणारी नक्कल करावयाची, हा दुसरा. पहिल्यात वस्तूचे विरघळणे इष्ट असते, तर दुसऱ्यात तोच दोष ठरतो. कच्च्या मातीकामाचा येथील इतिहास बऱ्याच अंशी या दोन उद्दिष्टांमधील ताणाचा इतिहास आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) व तिच्या आसपासच्या गावांतील ऋतुचक्रात तो विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

माती व तिचे सुकणे : मातीचे कण अतिसूक्ष्म व पत्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते एकमेकांवरून घसरू शकतात. मातीच्या आकार्यतेचे हेच कारण होय. सुकताना हे पाणी निघून जाते, कण एकमेकांजवळ येतात आणि वस्तू आकसते. बाहेरचा थर आधी आणि आतला नंतर सुकला, तर दोहोंच्या आकसण्यात फरक पडून तडे जातात. म्हणून वस्तू सावलीत व सावकाश सुकवितात, तिची जाडी सर्वत्र शक्य तितकी सारखी ठेवतात आणि मोठी वस्तू आतून पोकळ करतात. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या खनिजांचे प्रमाण मोठे असल्याने ती सुकताना फार भेगाळते. कुंभार म्हणूनच तळ्याची किंवा नदीकाठची निवडलेली माती घेतात, ती भिजवून तुडवितात आणि तीत राख, घोड्याची लीद किंवा भुसा मिसळतात. तंतुमय द्रव्यामुळे कणांना आधार मिळतो व भेगा कमी होतात.

सुकलेली माती कठीण दिसली, तरी तिच्यात रासायनिक बदल झालेला नसतो. सु. ४५० ते ६००° से. तापमानाला मातीतील खनिजांच्या संरचनेतले पाणी निघून जाते व त्यानंतरच ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. या तापमानापर्यंत न पोहोचलेली वस्तू पाण्यात ठेवली असता काही तासांत ढासळते. भाजलेले मडके व कच्चा गणपती यांतील भेद हा असा आहे. तो दोष की गुण, हे ती वस्तू कशासाठी केली आहे, यावर अवलंबून असते.

प्राचीन परंपरा : महाराष्ट्रातील कच्च्या मातीकामाचा एक लक्षणीय प्राचीन पुरावा पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळाला आहे. डेक्कन कॉलेजतर्फे १९६८ ते १९८३ या काळात तेथे झालेल्या उत्खननांत, ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या एका घरात मातीची एक झाकणदार पेटी सापडली. तीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. पेटीसोबत शिर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैलाची आकृतीही मिळाली. या आकृती न भाजलेल्या मातीच्या होत्या. भाजण्याची कला उत्तम अवगत असलेल्या लोकांनी त्या कच्च्या ठेवाव्यात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सातवाहनकाळात भाजलेल्या मातीच्या मूर्तिकेला मोठा बहर आला. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील केओलिनच्या नाजूक मूर्तींत केशभूषा व अलंकार बारकाईने दाखविलेले आहेत. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननानेही या परिसरातील त्या काळच्या मृत्कामावर प्रकाश टाकला.

संस्कृत ग्रंथांत मातीच्या आकृतिकामासाठी ‘पुस्त’ ही संज्ञा आढळते. अमरकोशात लेप्यादी कर्माला हे नाव दिले आहे, तर नाट्यशास्त्रात रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंच्या घडणीला उद्देशून ते येते. भागवत पुराणातील प्रतिमांच्या आठ प्रकारांत शिला, काष्ठ व धातू यांच्या बरोबरीने लेप्या व सैकती, म्हणजे लेपाच्या व वाळूच्या, प्रतिमा गणल्या आहेत. पूजेपुरती मूर्ती करून नंतर विसर्जन करण्याच्या व्रतांत मूर्तीला ‘पार्थिव’ म्हणतात. पृथ्वीपासून झालेली ती पार्थिव, असा त्याचा अर्थ. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे गणेशपूजन हे मुळात असेच पार्थिव व्रत आहे.

कृष्णाकाठचे ऋतुचक्र : नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यात असून दत्तसंप्रदायाचे ते एक प्रमुख क्षेत्र आहे. नृसिंह सरस्वती यांचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, असे परंपरा सांगते. औदुंबराखालील त्यांच्या मनोहर पादुकांची येथे पूजा होते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून उत्तरेकडून मंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. या वेळी दक्षिणद्वारी स्नान करणे पुण्यप्रद मानतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती गावातील उंच जागी हलविण्यात येते. ज्या भागात देवालाही वर्षाकाठी पाण्याखाली जावे लागते, तेथे पाण्यात विरघळणाऱ्या मूर्तीची कल्पना लोकांना परकी वाटत नाही.

या भागात कुंभारांच्या कच्च्या कामाचा हंगाम ज्येष्ठात सुरू होतो. शिरोळसारख्या सीमेलगतच्या तालुक्यांत ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर, तर अन्यत्र आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर साजरा होतो. खऱ्या बैलांबरोबरच मातीच्या बैलजोडीचीही पूजा करण्याची रीत आहे. ज्यांच्या घरी बैल नाहीत, तेही मातीची जोडी आणून पुजतात. पूर्वी कुंभार या जोड्या घरोघर पोहोचवीत व बलुत्याच्या रीतीने त्यांना धान्य मिळे. सीमेपलीकडील कन्नड मुलुखात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल पुजतात आणि आषाढातील मंगळवारी गुळव्वा या मातीच्या देवीला गुंजांनी सजवितात. श्रावणात नागपंचमीचा मातीचा नाग आणि भाद्रपदात गणपती, असा हा क्रम चालतो. विदर्भ व खानदेशात भुलाबाई किंवा गुलाबाई यांच्या मूर्ती आणि सर्वत्र दिवाळीतील किल्ल्यांवरचे मावळे यांनी वर्षाचा शेवट होतो.

या क्रमात एक विसंगती सहज लक्षात येते. माती सुकविण्यास सर्वांत प्रतिकूल असलेल्या महिन्यांतच कच्च्या मातीच्या वस्तूंना सर्वाधिक मागणी असते. त्यामागे धार्मिक पंचांगाप्रमाणे व्यवसायाचेही कारण आहे. कुंभाराचा आवा उघड्यावर रचलेला असतो व पावसात तो लावता येत नाही. मडक्यांचा धंदा बंद असतो, अशा चार महिन्यांत भाजण्याची गरज नसलेले काम हाच कुंभाराच्या घराचा आधार ठरे. त्यामुळे घराच्या माळ्यावर, चुलीच्या उबेला, सावकाश सुकणारे बैल आणि गणपती यांना केवळ कलेच्या इतिहासात नव्हे, तर ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या इतिहासातही स्थान आहे.

कृत्रिम फूल व पूजा : दत्ताच्या या क्षेत्री फुलांची मागणी बारमाही असते, परंतु कृत्रिम फुलाला पूजेत स्थान नाही. पूजेचे फूल ताजे असावे व शिळे झाल्यावर निर्माल्य म्हणून काढावे, असा दंडक आहे. सोन्याचे फूल शिळे होत नाही, असा संकेत असल्याने सुवर्णपुष्पाचा अपवाद केला जातो. मातीच्या, कागदाच्या किंवा भेंडाच्या फुलाला तो लाभत नाही. त्यामुळे कृत्रिम फुलाची जागा गाभाऱ्याबाहेर, मखर, तोरण, बाशिंग व मुंडावळ्या यांत राहिली. पाणथळ जागी वाढणाऱ्या भेंड या वनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याचे पातळ पापुद्रे काढून केलेली फुले महाराष्ट्रात बाशिंगांसाठी व मखरांसाठी दीर्घकाळ वापरात होती. बंगालमध्ये याच द्रव्यास शोला म्हणतात.

पिठाच्या व साखरेच्या आकृतिकामाची परंपराही मृत्तिकापुष्पांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोल्हापूर, सांगली व सातारा भागांत नवरात्रात कडाकण्या तळून त्यांची माळ घटावर बांधतात. त्यांत वेणी, फणी यांसारखे आकारही असतात. देवीपुढे टांगावयाच्या अशा तळलेल्या पदार्थांना फुलोरा म्हणतात आणि या नावातच फुलाची कल्पना आहे. संक्रांतीला नववधूसाठी व लहान मुलांसाठी हलव्याचे दागिने करतात. पिठाच्या गोळ्याला पाकळीचा, पानाचा आकार देण्याची सवय मराठी घरांतील स्त्रियांच्या हातांना होती; पुढे स्टार्चयुक्त लगद्याची फुले आली, तेव्हा हे कौशल्य उपयोगी पडले.

हुबेहूब प्रतिकृती : निसर्गातील वस्तूची खरी भासेल अशी नक्कल करण्याच्या प्रवाहाची दोन केंद्रे नृसिंहवाडीपासून फार दूर नाहीत. पूर्वी मुंबई इलाख्यात व १९५६ नंतर कर्नाटकात असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक हे गाव खेळण्यांसाठी प्रसिद्ध होते. हलके लाकूड व त्या परिसरात मिळणारी विशिष्ट माती यांपासून माणसांच्या आकृती व फळे तेथे केली जात आणि त्यांची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटिअरांनी घेतली आहे. दुसरे केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी होय. तेथील चितार आळीतील कारागीर लाकडाची रंगीत फळे, भाज्या, पाट, पाळणे व गंजिफा तयार करीत आले आहेत. सावंतवाडीचे आंबे व केळी पाहताना फसगत व्हावी, हाच त्यांचा गौरव मानला जातो. या दोन्ही ठिकाणी भर मुख्यतः फळांवर आहे. फळाचा आकार भरीव व अखंड असतो. फुलाच्या पाकळीची जाडी मात्र कागदाइतकी असते. कच्च्या मातीत ती पेलत नाही आणि लाकडात कोरणे परवडत नाही. हुबेहूब फळे सर्वत्र आढळावीत आणि हुबेहूब फुले विरळ असावीत, याचे कारण कारागिराच्या हातात नसून द्रव्याच्या मर्यादेत आहे.

फुलांच्या वास्तव घडणीला संस्थात्मक शिक्षणाची जोड मुंबईत मिळाली. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आले व १८७५ पर्यंत तेथे होते. या शाळेत आकार प्रथम मातीत घडवावयाचा, त्याचा प्लॅस्टरमध्ये ओतीव नमुना घ्यावयाचा व त्यावरून दगडात कोरावयाचे, अशी पद्धत होती. १८८७-८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनस (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या स्थानकाच्या खांबांवर व कमानींवर दिसणारी पाने, फुले, पक्षी व प्राणी यांच्या अलंकरणात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. येथे मातीचे फूल ही अंतिम कलाकृती नसून दगडी फुलाकडे जाणारी एक पायरी होती. दगडात कोरलेले फूल राहिले. मातीचे मात्र मोडून पुन्हा पिंपात गेले. याच शाळेत शिकलेले विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या हातांना मातीची ओळख अलिबागजवळील सासवणे या गावी, घरच्या गणेशमूर्तींतून झाली होती. कच्च्या मातीची घरगुती परंपरा व आधुनिक वास्तववादी शिल्प यांतील दुवा त्यांच्या रूपाने स्पष्ट दिसतो.

शाडू व गणेशमूर्ती : शाडू ही बारीक कणांची, फिकट रंगाची, चिकण माती असून महाराष्ट्रात ती मुख्यतः गुजरातमधून येते. ती मळल्यावर गुळगुळीत होते, बारीक कोरीव काम पेलते व सुकल्यावर रंग चांगला घेते. रायगड जिल्ह्यातील पेण हे शाडूच्या मूर्तींचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून नावारूपाला आले. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला, तशी मूर्तींची मागणी व आकार वाढत गेले. मूर्तीचे मुख्य अंग साच्यात दाबून काढतात. हात, सोंड व आयुधे वेगळी करून जोडतात आणि कोरणीने सफाई करतात. मुकुटावरील फुले, हातातील कमळ, प्रभावळीतील वेल हे भाग लहान छापांतून काढून ओल्या मातीने चिकटवितात. पांढरा हात देऊन रंगकाम झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते. पेण किंवा कोल्हापूर येथील मूर्तिकाराच्या घरात शाडूचे फूल अशा रीतीने नित्य घडत आले आहे. मात्र ते मूर्तीचा अलंकार म्हणून घडते. स्वतंत्र वस्तू म्हणून नव्हे.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसमुळे हे चित्र पालटले. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्याशी रासायनिक रीत्या संयोग पावून काही मिनिटांत घट्ट होते. ती हलकी असते, पावसाळी हवेतही लवकर सुकते, सहसा तडकत नाही व साच्यातून झपाट्याने मूर्ती काढता येतात. कच्च्या मातीची सुकण्याची अडचण तिने दूर केली. परंतु तिच्या मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाहीत. विसर्जनानंतर नदीच्या व तलावांच्या काठी भग्न मूर्तींचे ढीग दिसू लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व मे २०२० मधील सुधारित तत्त्वांनुसार प्लॅस्टरच्या मूर्ती वर्ज्य ठरविल्या. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती तयार करण्यास व विकण्यास वाट मोकळी केली. परंतु नैसर्गिक जलाशयांतील त्यांच्या विसर्जनावर निर्बंध घातले. शाडूचा आग्रह धरणारे पर्यावरणवादी आणि ज्यांची गुंतवणूक साच्यांत व प्लॅस्टरमध्ये अडकली आहे असे मूर्तिकार, या दोहोंच्या बाजू या वादात पुढे आल्या.

कृष्णाखोऱ्यात या प्रश्नाला पुराची आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना वेढा पडला. कोल्हापूर शहरात शाहूपुरीतील कुंभार गल्ली व बापट कँप या मूर्तिकारांच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०१९ साली गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे मूर्ती सुकून रंगाला आलेल्या असताना हा पूर आला. जिने दहा दिवसांच्या पूजेनंतर पाण्यात विरघळावयाचे, ती मूर्ती पूजेआधीच मांडणीवर चिखल झाली. एका वर्षाची कमाई त्या चिखलात गेली. पाण्यात विरघळणे हा गुण आणि तोच धोका, ही कच्च्या मातीची कोंडी मूर्तिकारांना येथे प्रत्यक्ष अनुभवावी लागली.

इतर देशांतील कृत्रिम फुले : फुले टिकविण्याचा खटाटोप सर्वत्र आढळतो. प्राचीन ईजिप्तमध्ये तागाच्या कापडाची व पपायरसाची, तर चीनमध्ये रेशमाची फुले होत. रोमन लोकांना सोन्याच्या पानाफुलांचे मुकुट माहीत होते. चिनी मातीच्या फुलांनी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दरबारी प्रतिष्ठा मिळविली. १७४० मध्ये पॅरिसजवळ व्हँसेन येथे निघालेल्या कारखान्यात स्त्री-कारागिरांकडून ही फुले हाताने घडवून घेतली जात. १७४९ साली तेथून ड्रेझ्डेनला पाठविलेल्या एका गुच्छात चारशेहून अधिक फुले होती. ही फुले भट्टीत भाजलेली असत. शास्त्रीय अचूकतेचा उच्चांक काचेत गाठला गेला. लिओपोल्ट व रूडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी १८८७ ते १९३६ या काळात हार्व्हर्ड विद्यापीठासाठी सु. ७८० जातींच्या वनस्पतींच्या सु. ४,३०० प्रतिकृती काचेत तयार केल्या. त्या शोभेसाठी नसून वनस्पतिविज्ञानाच्या अध्यापनासाठी होत्या. डोळ्यांना फसविणे व डोळ्यांना शिकविणे ही हुबेहूब नक्कलेची दोन्ही प्रयोजने अशा रीतीने पूर्ण झाली.

नवी द्रव्ये : हवेत वाळणारे आधुनिक लगदे तीन प्रकारचे आहेत. (१) खनिज मातीत तंतू व बंधक मिसळून केलेले : इटलीत १९६२ मध्ये ‘दास’ या नावाने असा लगदा निघाला. तो मोठ्या आकारांना योग्य, पण पाकळीसाठी काहीसा भरड असतो. (२) स्टार्च व गोंद यांचे : मक्याचे पीठ व पॉलिव्हिनिल ॲसिटेट हा पांढरा गोंद समप्रमाणात घेऊन, थोडे तेल व लिंबाचा रस घालून मंद आचेवर मोदकाच्या उकडीप्रमाणे गोळा होईपर्यंत हलवितात. लॅटिन अमेरिकेत याला ‘थंड पोर्सेलीन’ अशा अर्थाचे नाव आहे, तरी त्यात पोर्सेलीन मुळीच नसते. जपानमध्ये पावाच्या चुऱ्याच्या व पुढे हलक्या रेझिनयुक्त लगद्याच्या फुलांनी याच सुमारास लोकप्रियता मिळविली. (३) इपॉक्सी लगदे : दोन घटक मळून एकत्र केले की रासायनिक क्रियेने कठीण होणारे. भारतात भित्तिशिल्पांसाठी व भांड्यांवरील उठावाच्या फुलांसाठी ते वापरतात. ओव्हनमध्ये तापवावी लागणारी पीव्हीसीयुक्त ‘पॉलिमर माती’ या वर्गात मोडत नाही.

भारतात पांढऱ्या गोंदाचा घराघरांत प्रसार १९५९ मध्ये ‘फेव्हिकॉल’ बाजारात आल्यानंतर झाला. पावाचा चुरा व गोंद यांची फुले करणे पुढे छंदवर्गांतून शिकविले जाऊ लागले. महाराष्ट्रात या फुलांना रुखवताने हक्काची जागा दिली. लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात पूर्वी खाद्यपदार्थांचा व संसारोपयोगी वस्तूंचा भर असे. त्यात हस्तकौशल्याच्या वस्तूंची भर पडत गेली. परडीतील मृत्तिकापुष्पे ही वधूच्या किंवा तिच्या आप्तस्त्रियांच्या कौशल्याची साक्ष म्हणून मांडली जातात. मंदिरात नाकारलेल्या कृत्रिम फुलाला मंगलकार्यात मिळालेला हा मान उल्लेखनीय आहे.

घडण : चांगल्या प्रतिकृतीची सुरुवात खरे फूल उलगडून होते. पाकळ्या एकेक सुट्या करून त्यांची संख्या, आकार व एकमेकींवर पडण्याची दिशा टिपतात. जास्वंदाला पाच पाकळ्या असून मधल्या लांब दांड्यावर केसर व टोकाला पाच गोल बुटके असतात. चाफ्याच्या पाच पाकळ्यांपैकी प्रत्येकीची एक कड शेजारच्या पाकळीवर व दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली असते. ही फिरकी चुकली, तर रंग कितीही साधला तरी फूल खोटे दिसते. गुलाबाच्या आतील पाकळ्या लहान व मिटलेल्या, बाहेरच्या मोठ्या व कडेला मागे वळलेल्या असतात. झेंडू हे वस्तुतः एक फूल नसून अनेक फुलांचे स्तबक आहे, हे ध्यानात घेऊनच त्याची रचना करावी लागते.

लगद्यात रंग आधीच मळून फिकट छटा आणतात व गडद छटा सुकल्यावर कुंचल्याने देतात. लगदा आकसल्यावर रंग गडद होतो, म्हणून मूळ छटा इच्छित छटेपेक्षा फिकट ठेवतात. तळहाताला किंचित तेल लावून लहान गोळी थेंबाच्या आकाराची करतात व अंगठ्याने कडेकडे पातळ करत नेतात. पाकळीचा बुंधा जाड व कड पातळ असावी. शिरा उमटविण्यासाठी खऱ्या पानाची मागील बाजू दाबतात. तारेवर मधला भाग बसवून त्याभोवती आतून बाहेर पाकळ्या लावतात आणि प्रत्येक फेरा थोडा सुकू देतात. काम चालू असताना उरलेला लगदा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. जाडीनुसार फूल सुकण्यास एक ते तीन दिवस लागतात. कोल्हापूरकडील पावसाळ्यात त्याहून अधिक. स्टार्चच्या लगद्याला दमट हवेत बुरशी व कीड लागते. पुस्तकबांधणीच्या लेईत मोरचूद घालण्याची जी जुनी रीत होती, तिचाच हेतू आता लगद्यातील परिरक्षक द्रव्ये साधतात. सुकल्यावर दिलेला पारदर्शक लेप ओल रोखतो. पण त्यामुळे पाकळीला न शोभणारी चकाकी येते. म्हणून कुशल कारागीर चकाकी नसलेला लेप पसंत करतात.

सद्यःस्थिती : कारखान्यातील प्लॅस्टिकच्या फुलांनी सजावटीची बाजारपेठ व्यापली असून त्यांच्यावर बंदी घालावी, अशी मागणी महाराष्ट्रातील फूलउत्पादकांनी केली आहे. शिरोळ तालुक्यातही कोंडिग्रे येथे हरितगृहातील फुलशेती केली जाते, त्यामुळे हा प्रश्न या भागाशी थेट निगडित आहे. हाताने घडविलेली मृत्तिकापुष्पे संख्येने अल्प असल्याने खऱ्या फुलांशी स्पर्धा करीत नाहीत. मात्र रेझिनयुक्त लगद्याचे फूल मातीचे म्हणवले जात असले, तरी मातीत मिळत नाही आणि शाडूप्रमाणे पाण्यात विरघळतही नाही. त्यामुळे विसर्जनाच्या मूर्तीवर ही फुले लावू नयेत. मूर्तीवरील फुले शाडूचीच असावीत. घरात ठेवावयाच्या शोभेच्या वस्तूंसाठी टिकाऊ लगदा व विधीच्या वस्तूंसाठी कच्ची माती, असा विवेक केल्यास दोन्ही परंपरा आपापल्या जागी टिकू शकतात. कृष्णाकाठच्या कुंभारांच्या दृष्टीने यातील दुसऱ्या परंपरेचे टिकणे अधिक निकडीचे आहे. त्यासाठी पुराच्या रेषेवर मूर्ती सुकविण्याची व साठविण्याची सामाईक जागा आणि वेळेवर मिळणारी चांगली माती या दोन गोष्टींची आवश्यकता आहे.